बोअरपाशी काढलेला फोटो

पाणी चांगलं हाय म्हणणाऱ्या साहेबाचा फोटो पेपरात काऊन नाई आला, सांगू? जिवतीकडच्या त्या बोअरचं पाणी मीच तपासलं होतं. फ्लोराइड लय जास्त निघालं. तरी साहेब आले अन् बायांले म्हणे, "पाणी एकदम चांगलं हाय! चला, बोअरपाशी फोटो काढू. हसा!"

आता त्या पाण्यानं दात पिवळे-काळे पडले, म्हणून तिथल्या बाया पदराआडच हसतात. पण शांताबाईनं पदर कमरेले खोचला अन् सारे दात दाखवून हसली. मंग साऱ्याच हसल्या.

साहेब गडबडले. "बाई, तोंड मिटून हसा ना जरा."

शांताबाई म्हणे, "काऊन साहेब? पाणी तं चांगलं हाय ना?"