अमृताच्या नावाचा पिंड

हेमचंद्र : नाव तुम्हीच दिलंत, अमृताताई. मी दोनदा विचारलं होतं.

अमृता : मला आठवतंय, गुरुजी. मी भांडायला आले नाही.

भानुमती : मग तोंडाला स्कार्फ गुंडाळून, औरंगपुऱ्याच्या कोपऱ्यावर रिक्षा सोडून, भर दुपारी कशाला आलीस गं बाई? मी दार उघडलं तर वाटलं, सर्व्हेवाली आली. अन् बघते तर ही! दुनियाभर हिचे पोस्टर, आणि माझ्या घरात साधे पोहे भिजवलेले नाहीत.

हेमचंद्र : भानू, त्यांना बोलू दे.

भानुमती : बोलू दे की. मी काय तोंड धरलंय तिचं? पण कसलं नाव, ते मला तर सांगा. तुम्ही तर घरात एक अक्षर काढलं नाहीत.

हेमचंद्र : चार वर्षांमागं कायगावला गोदाकाठी शूटिंग होतं, आठवतं? तो फ्रान्सचा दिग्दर्शक. सिनेमात ताई मरतात आणि नदीवर त्यांचा दहावा होतो. विधी सांगणारा खरा माणूस हवा म्हणून मला नेलं होतं.

भानुमती : हौ, नाक भाजून घेऊन आला होतात.

हेमचंद्र : पिंडदानाला गेलेल्याचं नाव-गोत्र लागतं. सिनेमातल्या बाईला लिहिणाऱ्यानं नावच दिलेलं नव्हतं. दिग्दर्शक म्हणे, काहीही घ्या. तेव्हा ताई म्हणाल्या, माझंच घ्या.

अमृता : सगळे उन्हानं वैतागले होते. मला वाटलं, त्यानं काय होतंय?

भानुमती : अगो बाई! जित्या माणसाच्या नावानं? आणि तुम्ही केलंत?

हेमचंद्र : दोन-चार मंत्र म्हणून थांबणार होतो. पण ह्या भिक्षुकीआधी तीस वर्षं कचेरीत काढली मी. हाती घेतलेला कागद अर्धा ठेवायची सवयच नाही. कॅमेरा चालू होता, कोणी थांबवेना, आणि शेवटच्या तिलांजलीपर्यंत सगळं यथासांग होऊन गेलं. माझी चूक आहे. तिथंच कळली होती मला.

अमृता : कावळ्याचं सांगा ना काकूंना.

हेमचंद्र : कावळा शिवेना. मुंबईहून शिकवलेले दोन पिंजऱ्यातून आणले होते. सोडले की पिंडाकडं न बघता झाडावर जाऊन बसत. उजेड उतरायला लागला. मी सवयीनं बोलून गेलो, गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल, कोणीतरी शब्द द्या.

अमृता : पिंडासमोर माझाच फोटो होता, हार घातलेला. मी कॅमेऱ्यामागं उभी. काय वाटलं कुणास ठाऊक, हात जोडले आणि म्हणाले, आईची काळजी करू नकोस, तिला मी सांभाळीन.

भानुमती : मग?

हेमचंद्र : पलीकडच्या काठावरून एक कावळा उठला. पिंजऱ्यातला नव्हे, भलताच. सरळ येऊन पिंडाला शिवला.

अमृता : कॅमेरा चालूच होता, सगळं टिपलं गेलं. त्या दृश्यावर पॅरिसमध्ये लोक रडले, टोकियोत रडले. त्यानंतर मी थांबलेच नाही, काकू. चार वर्षांत सहा सिनेमे. घर असं कुठं राहिलंच नाही.

भानुमती : आणि आई?

अमृता : वैजापूरला. एकटी.

भानुमती : सांभाळीन म्हणाली होतीस ना?

अमृता : बाया ठेवल्या. एक टिकली नाही. आईच हाकलायची. फोनवर म्हणायची, मला कुनाची गरज नाय, माझी अमू येते रोज. मला वाटलं, वय झालंय, विसरते. मागच्या आठवड्यात मी न सांगता जाऊन उभी राहिले. तिनं दारातच विचारलं, कोण पाहिजे बाई तुमाला?

भानुमती : आई गं.

अमृता : शेजारच्या कडुबाला वळखती. त्याच्या म्हशीला नावानं हाक मारती. मला नाय वळखत. म्हटलं, आई, मी अमृता. तर म्हणली, हळू बोला, अमू आत भाकरी करतीय.

भानुमती : म्हातारपणी होतं गं असं. आमच्या सासूबाई शेवटी ह्यांना मामा म्हणायच्या. त्यात एवढं घाबरायचं काय?

अमृता : तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाय, काकू. दोन वर्षं झाली. अन् रोज वेणी घातलेली असती. तेल लावून, घट्ट. कडुबाची बायको म्हणली, मी नाय घालत, मला वाटलं तुम्हीच कुनी बाई ठेवलीय. मग मी पुढल्या खोलीत कॅमेरा लावला अन् इथं हॉटेलात बसून बघितलं. पाच दिवस.

हेमचंद्र : कोण येतं?

अमृता : कुनीच नाय. दाराला आतून कडी. सकाळी आई मोकळ्या केसांनी सैपाकघरात जाती. तिचं बोलणं ऐकू येतं. हसती. मधेच म्हणती, हळू गं, केस वढू नको. बाहेर येती तवा वेणी झालेली असती.

(भानुमती उठते, सैपाकघराचं दार ओढून घेते आणि नवऱ्याला चिकटून बसते.)

हेमचंद्र : माझ्याकडून काय हवंय तुम्हाला?

अमृता : तो विधी उलटा करा. माझं नाव मला परत द्या. आईनं एकदा माझ्याकडं बघून अमू म्हणावं, एवढंच. जगानं वळखून काय करू मी?

हेमचंद्र : उपाय आहे. मेला म्हणून ज्याचं सगळं उरकलं आणि तो जिवंत परतला, अशा माणसासाठी शास्त्रात सांगितलंय. त्याला नव्यानं जन्माला घालायचं. तुपानं न्हाऊ घालायचं, तान्ह्या बाळाचे सगळे संस्कार करायचे, बारसं सुद्धा. परवा दिवस चांगला आहे.

अमृता : अन् मग ती? जी येती ती?

हेमचंद्र : तिला जावं लागेल. तुमच्या आईला एकच अमृता आहे.

अमृता : म्हणजे पुन्हा येणार नाय.

हेमचंद्र : नाही.

भानुमती : जाऊ दे की! तू जा आईपाशी. ह्यात विचार कसला करायचा?

अमृता : परवा माझं विमान आहे, काकू. कॅनडात सात महिन्यांचं काम. तिथून दुसऱ्या सिनेमाला.

भानुमती : नाही म्हणून सांग त्यांना.

अमृता : आज सकाळी आई पाय लांब करून बसली होती. पुढल्या खोलीतच. डोळे मिटलेले. कुनी तरी पाय चोळावेत तशी. किती सुखात होती! माझ्यापाशी ती अशी कधी बसली नाय. मी घरी आले तरी बॅग दारातच असायची माझी.

हेमचंद्र : ताई, परवाचं धरू का?

अमृता : राहू द्या, गुरुजी.

भानुमती : अगं पोरी, कळतंय का काय म्हणतीयस? आईच्या लेखी तू मेलेलीच राहशील.

अमृता : व्हय. कळतंय मला. पण मी नाय राहू शकत तिथं. माझं मला ठाऊक आहे. चार दिवस राहीन अन् पळून येईन, अन् मग तिच्याजवळ कुनीच नसंल.

हेमचंद्र : बरं. तुमची इच्छा.

अमृता : जी येती तिला निरोप देता येतो का, गुरुजी? एवढंच सांगायचंय. आईला पहाटं खोकल्याची उबळ येती, कोमट पाणी हाताशी लागतं. अन् जिना उतरताना तिचा डावा हात धरायचा, उजवा नाय. तेवढं तिला सांगा.

हेमचंद्र : तिला सांगायची गरज नाही, ताई. ती लेक आहे त्यांची.