मिरची यायच्या आधीची कादंबरी

सौंसरच्या बसस्टँडवर तिकिटाच्या रांगेत जयवंताबाईंच्या पुढेच एक गुरुजी बायकोची समजूत घालत होते. बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि कान टवकारले.

"इंदू, घरी चाल. एकच अध्याय राहिला."

"तुमच्या कादंबरीपायी आठ दिवस बिनमिरचीचं वरण खाऊन राहिली मी. चालली आता बोरगावले, माहेरी."

"अवं, कादंबरी दोन हजार वर्षांपूर्वीची, तवा मिरची नव्हतीच आपल्याकडे! स्वतः तसं खाल्ल्याबिगर लिहू कसा?"

"आलू?"

"नव्हता."

"टमाटर?"

"नव्हतं."

"अन् चहा?"

"तो बी नव्हता. पण मिरे होते."

"मंग बायका नवऱ्यापाशी राहत कशा होत्या?"

"ते अजून कोणत्या पुस्तकात सापडलं नाई."

जयवंताबाईंना राहवेना.

"गुरुजी, त्या काळी जातं होतं का?"

"होतं ना, मावशी."

"मंग आता घरी दळून कोण राहिलं?"

इंदू वळून म्हणाली, "मीच, मावशी! गिरणीत दळण नेणं बंद केलं यायनं."

बोरगावची बस लागली. इंदूपाठोपाठ गुरुजींनीही पायरीवर पाय ठेवला.

"मी बी येतो. तुह्या आईच्या हातचा ठेचा खाऊन लय दिवस झाले."

"उतरा खाली! त्या काळी मोटर बी नव्हती. पायी या."