स्पॅममधली चार पत्रं

नाही हो साहेब, 'फुकट' काढून 'मोफत' घातलं म्हणून तुमचं पत्र स्पॅममधून बाहेर येणार नाही — फिल्टर काय दूधखुळा आहे? बसा, बसा, ती खुर्ची जरा डुगडुगते, भिंतीकडे सरका. तर तुमचा हा पोट कमी करायचा पट्टा. चाळीस हजार पत्ते म्हणालात ना? कुठून आणले? — राहू द्या, सांगू नका, सगळे तिथूनच आणतात. आणि खाली सही काय, 'तुमची लाडकी मैत्रीण'! कोण मैत्रीण? ऑफिसात तर तुम्ही आणि तुमचा मेहुणा. शी! अहो, सकाळी उठून असली दीडशे पत्रं वाचायची म्हणजे — अकरा वर्षं वाचतोय, आता किळससुद्धा शिळी झाली.

कसं करतो? त्यात गुपित काही नाही. फिल्टर मजकुरापेक्षा माणसं बघतो. माणसांनी पत्र स्पॅममधून उचललं, उघडलं, उत्तर दिलं, की त्याला वाटतं, अरे, हे तर ओळखीतलं दिसतंय — मग बाकीच्यांकडेही आत सोडतो. म्हणून आपल्याला लागतात जुने, सभ्य पत्ते, खऱ्या माणसांचे. माझ्याकडे साठ आहेत. त्यातला एक तर वीस वर्षं जुना, त्यावरून कधी कुणाला वेडंवाकडं अक्षर गेलं नाही. ताईचा. माझी थोरली बहीण हो — प्रयोगशाळेत रक्त तपासायची, आता निवृत्त आहे. मी म्हटलं, ताई, रोज दहा वाजता स्पॅम उघडायचं, माझी पत्रं इनबॉक्समध्ये ओढायची आणि प्रत्येकाला लिहायचं, 'छान माहिती, धन्यवाद.' का म्हणून विचारलंसुद्धा नाही तिनं. भावाचं काम, मग झालं! गाद्या, केसांची तेलं, भविष्य सांगणारे भोंदू — सगळ्यांना छान माहिती, धन्यवाद. जिनं मला लहानाचं मोठं केलं तिच्याकडून मी हे — पाणी घ्या ना, पेला धुतलेला आहे.

पुढची गंमत ऐका. गंमत कसली डोंबलाची! तीन वर्षं रोज शंभर जणांना तेच तीन शब्द — फिल्टरला वाटलं, ही बाई नाहीच, यंत्र आहे. आणि ताईचीच पत्रं स्पॅममध्ये जायला लागली. मला लिहिलेली! एकामागोमाग चार. डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, बारा तारखेला येशील का. मग, सही करायला घरचं माणूस लागतं म्हणतात. मग, मला थोडी भीती वाटते रे. ताईला — भीती! आमच्या घरात साप निघाला तेव्हा काठी तिनं घेतली होती, मी माळ्यावर होतो. आणि चौथं नुसतंच — कामात असशील, राहू दे.

फोन का नाही केला? मीच सांगितलं होतं. फोन करू नकोस ताई, कामाचा खोळंबा होतो, मेल टाक, मी बघतो. बघतो! जगाचा स्पॅम उपसणारा मी, स्वतःचा कधी उघडला नाही. घाण वाटायची. माझ्यासारख्यांनीच पाठवलेलं असणार, त्यात हात कोण घालणार? उघडला तेव्हा सतरा तारीख झाली होती. शेजारीण गेली होती सोबत, सही तिनंच केली. पाच आठवडे झाले, ताई फोन उचलत नाही. दोनदा दाराशी गेलो, शेजारणीनं सांगितलं, झोपल्यात. भर दुपारी बाराला! मग काय, लगेच परत आलो.

पण काम सोडलं नाही हं तिनं. डोळ्यावर पट्टी असतानाही दहाच्या ठोक्याला छान माहिती, धन्यवाद. उत्तरं मी वाचतो हे तिला पक्कं ठाऊक आहे. आणि मीही थांब म्हणत नाही — निर्लज्ज म्हणा हवं तर — ते थांबलं तर ती कशी आहे एवढंही कळायचं नाही मला.

काल तुमचं पत्र त्या साठांना पाठवलंय, चाचणी म्हणून. बघू या. छान माहिती. छान माहिती. ताईचं कुठंय? स्पॅममध्ये असणार, आता तिथंच आधी — हे बघा, आलंय. थांबा हं, हे लांबलचक आहे.

'प्रिय मैत्रिणीस, पट्टा मला नको, मी आधीच वाळले आहे. डोळा बरा आहे, वाचता येतं. तुमच्याच धंद्यात माझा एक धाकटा भाऊ आहे. दाराशी आला होता, तासभर पायऱ्यांवर बसून रडत होता म्हणे. त्याला माझ्याबद्दल काही सांगू नका. रविवारी शेजारीण बाहेरगावी जाते आहे, दार मलाच उघडावं लागेल. धन्यवाद.'

— उठा. अहो, उठा म्हणतो ना! तो पट्टा घ्या तुमचा. नाही, नाही जमणार, चाळीस हजार काय, चार जणांनासुद्धा नाही — आज वार कोणता हो? शनिवार ना? नक्की? — जा तुम्ही.