नाल्याकाठच्या झाडाची पाटी

आमची संस्था झाडं वाचवते, अन् पाट्या लावायची तिला भारी हौस. वडनेरजवळ नाल्याकाठी एक जुनं झाड सापडलं. लगेच पाटी टांगली: ‘दुर्मिळ वृक्ष. जपा.’ महिन्याभरानं पाहतो तर बुंधा एका बाजूनं पार सोललेला!

शेतमालक वामनकाकांना विचारलं, “साल काऊन काढली लोकायनं?”

“दुर्मिळ म्हणजे औषधीच असन ना जी! आतापर्यंत त्याले कोणी पुसत नव्हतं. तुम्ही पाटी लावली, अन् लोकं कोयते घेऊन आले.”

“मग आता काय करायचं?”

“नवी पाटी लावा. लिवा, हे झाड काहीच कामाचं नाई.”

लिहिलं, काय करता! झाड वाचलं, मस्त पालवलं. फक्त देणगीदार पाहायला आले की पाटी लपवावी लागते.