अर्धा फोटो

हुडकेश्वरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आई डोळे तपासून घ्यायला आत गेली होती, म्हणून मेघा बाहेर बसली होती. तिच्या उजव्या हाताला पेपर उघडून देवराव, त्यांच्या पलीकडे त्यांची बायको सिंधूताई.

"पाय वं, या बाईनं बावीस वर्सं मेंदू कापले. काहून, तर मानूस पाह्यते कसा हे समजाले!"

"मंग समजलं का?"

"म्हने डोये पुढं, पन पाह्यनं होते डोक्याच्या मागं. आता चष्मा का मानेवर लावू?"

"हळू बोला ना."

"काहून हळू? आपली म्हैस न शिकता पाह्यते, तिले देल्ली का कोनं शाल? अन् फोटोत तर शाल देनारा साहेबच दिसून राहिला. बाईचा पत्ता नाही."

"डाव्या बाजूले हाये ना बाई."

"कुठं? पेपरवालेबी अर्धंच छापतात."

"काल दाराची डावी चौकट लागली तुमाले. परवा डावीकडची भाजी ताटात तशीच."

"डाक्टर म्हनते डोये टकाटक हायेत. चौकटच वाकडी हाये."

सिंधूताईंनी फोटो पाहिला, मग मेघाकडे पाहिलं.

"अवो, हेच बाई तुमच्या डाव्या बाजूले बसली हाये!"

"कायची बाई? खुर्ची तर रिकामी हाये."