टँगलखालची चार वाक्यं

...आणि वर मलाच विचारतात, "असं लिहवलं तरी कसं तुम्हाला?" अहो, नियमच होता! तुम्हाला सांगतो, आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत मोठ्या साहेबांचा एकच हेका, "प्रत्येक अर्थाखाली वाक्य हवं, आणि ते आयुष्यातलं हवं! 'मुलगा झाडावर चढतो' असलं काही लिहिलंत तर कार्ड फाडीन!" आणि माझ्या वाट्याला आला इंग्रजी शब्द टँगल, म्हणजे गुंता. दिसतो गरीब! साडेसहाशे वर्षांचा म्हातारा, आणि पहिला अर्थ काय, तर माणसाला अडचणीत गोवणं. दोरे, केस सगळे मागून आले, आधी माणूस! मुळात म्हणे समुद्रातलं शेवाळ, वल्ह्याला विळखा घालणारं. आता अशा शब्दाला आयुष्यातलं वाक्य... घरात बायको असताना बाहेर कुठे शोधू? मी तर नियम पाळला!

गोवणं : 'एका चहापायी तो जन्माचा अडकला.' शेवाळ : 'सासूबाई आल्या आणि घराला विळखा बसला.' केसांचा गुंता : 'तिच्या डोक्यावर उरले नाहीत तेवढे केस मोरीच्या जाळीत निघतात.' भांडण : 'तिच्याशी वाद घालू नये, ती जिंकेपर्यंत रडते.' खाली माझी सही. स्वतःवरच खूश!

आणि छापण्याआधी मुद्रितं तपासतं कोण? आमचीच बायको! त्याच कचेरीत, पलीकडच्या खोलीत, लग्न झाल्यापासून सतरा वर्षं! पण 'टी' अक्षर दुसऱ्या बाईंकडे होतं हो... त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं तेव्हाच निघावं?

आरडाओरडा? छे! लाल पेन घेऊन आली, सगळ्यांदेखत. "'उरले नाहीत' मोघम होतंय. 'औषधांनी गेले' करा. नेमकेपणा हवा ना?" मी आपला, "अगं, ते नियमाप्रमाणे..." लाज वाटली हो, खरंच वाटली! पण साहेब काय म्हणाले? "वा! जिवंत वाक्यं! छापा!" मी तर नियम पाळला ना? संध्याकाळी घरी जातो तर कपाट अर्धं रिकामं.

वर साहेबांनी आमची कामंच बदलली. शब्द तिला, लाल पेन मला. पुढच्या महिन्यात 'यू' आला. अनटँगल : गुंत्यातून सोडवणं. तिनं एकच वाक्य लिहिलं, खाली माहेरच्या आडनावानं सही : 'सतरा वर्षांनी तिला गाढ झोप लागली.'

तपासायला कागद माझ्याकडे आला. तीनदा वाचला हो... एक चूक सापडेल तर शपथ!