राखलेल्या कुरणातला चोर

खरं सांगते, गवत कमी होतंय हे पहिल्यांदा मला माझ्याच वहीत दिसलं.

लोणंदजवळच्या एका मेंढी फार्मवर माझी पहिलीच नोकरी. काठीवर सरकणारी ताटली गवतावर टेकवायची आणि उंची लिहायची, एवढंच काम. राखलेल्या कुरणात अजून एकही मेंढी सोडली नव्हती, तरी आकडा घसरत होता. वीस सेंटिमीटर, पंधरा, अकरा. आठच्या खाली गेलं की फार्मच्या मेंढपाळाला, शिदूमामांना, कळप घेऊन लांबच्या माळावर जावं लागणार, आणि त्यांच्या चार मेंढ्या तर अगदी व्यायला आलेल्या!

माझ्या मापात चूक असणं शक्यच नव्हतं. अचूक यावं म्हणून मी चुन्याच्या खुणा करून ठेवल्या होत्या आणि सकाळ-संध्याकाळ तिथेच मोजत होते. म्हणजे कुणीतरी चोरून चारत होतं. त्या संध्याकाळी मोजायला वाकले, तेवढ्यात पायाजवळून एक लावा पक्षी फडफडत उडाला आणि मी काठी टाकून पळाले. धापा टाकत मामांना फोन लावला. पाचव्यांदा उचलला.

"मामा, चोर! खुणांपाशी सगळं गवत लोळवलंय!"

पलीकडून आधी मेंढ्यांचं बें-बें, मग मामांचं खोकणं.

"आवं ताई, चार पावलं बाजूला बघा की. वीतभर हुबं हाय. तुमी रोज त्याच वाटंनं चालताय, आमाला वाटलं शिकलेली मानसं अशीच मोजत असत्यात. चोर न्हाई कुनी. तुमच्या बुटानं खाल्लंय गवत."